सहा पावलांचं लग्न

कालव्याचा दुसरा पूल मागे पडला तेव्हा वहिनीनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"वन्सं, तुमची चप्पल वाजतेय."

वकीलबाईंच्या ऑफिसातून निघून आम्हाला तासभर होत आला होता. बसस्टॉपवर दोन बस आल्या, गेल्या. दोन्ही वेळा तिनं नुसती मान हलवली आणि मग पदर खोचून सरळ चालायला लागली. तिथून तिचं घर नऊ किलोमीटर. मी मागोमाग निघाले. काही झालं की चालायचं, ही तिची जुनी सवय. सासूशी वाजलं की चालून यायची. लेकीला ताप भरला की गॅलरीतल्या गॅलरीत फेऱ्या घालायची.

"तळ सुटलाय," मी म्हटलं.

"मग कारखान्यात घेऊन ये. पुठ्ठ्याला लावतो ती खळ लावून देते. जन्मात सुटायची नाही."

एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसता तिचं तिलाच काहीतरी आठवलं असावं, कारण तोंड पुन्हा मिटलं.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. 'वन्सं' हा शब्द आमच्या वेळीही जुनाच झाला होता, नणंदेला कुणी असं म्हणत नव्हतं. पण ती लग्न होऊन आली तेव्हा मी सोळा वर्षांची, दोन वेण्या घालणारी, आणि ती बावीसची. पहिल्याच आठवड्यात माझ्या आईनं तिला बजावलं, नणंदेला मान द्यायचा. तेव्हापासून हिनं मला इतका मान दिला की मी हैराण झाले. "वन्सं, आपण आंघोळीला जाता की मी जाऊ?" एरवी सगळं अगं-तुगं. 'वन्सं' म्हणाली की समजायचं, बाई थट्टेवर आली.

ती बाईंडिंगच्या कारखान्यात काम करते. लग्नाआधी करत होती, अजून करते. छापखान्यातून मोठे कागद येतात, त्यांच्या घड्या घातल्या की सोळा-सोळा पानांचे फर्मे होतात. एका लांब टेबलावर या फर्म्यांचे ढीग ओळीनं मांडलेले असतात, आणि बायका टेबलाभोवती चालत एकेका ढिगातला एकेक फर्मा उचलत जातात. एक फेरी झाली की हातात एक पुस्तक. मग ते शिलाईला जातं. वहिनीचं काम शिलाईच्या आधीचं. एखादा फर्मा राहिलाय का, दोनदा आलाय का, उलटा लागलाय का, ते बघायचं. बघायचं म्हणजे तरी काय, ती बघतच नाही. अंगठ्यानं कडा सोडते, खर्रकन आवाज होतो, आणि म्हणते, "यात नववा नाही." नसतोच. कारखान्यातल्या पोरी तिला चौकीदार म्हणतात. मालक नव्या माणसाला हसत सांगतो, या बाईला फसवायचं असेल तर कागदानं फसवायला जाऊ नकोस.

दादानं नेमकं कागदानंच फसवलं. पण ते सांगायचं तर लग्नापासून सुरुवात करावी लागेल.

सप्तपदी बहुतेकांनी पाहिलेली असते, पण त्या वेळी अर्धे लोक जेवायच्या रांगेत असतात, त्यामुळे नीट कुणीच पाहिलेली नसते. होमाच्या कडेनं तांदळाच्या सात लहान राशी ओळीनं मांडतात. नवऱ्यानं हात धरायचा आणि नवरीनं उजवं पाऊल एकेका राशीवर ठेवत जायचं. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं भरभराटीसाठी. चौथं सुखाचं, पाचवं मुलाबाळांचं, सहावं सगळे ऋतू बरोबर काढायचं. आणि सातव्याला नवरा म्हणतो, आता तू माझी सखी हो. म्हणजे आधी पोटापाण्याचं, मग पोराबाळांचं, आणि मैत्री सगळ्यात शेवटी. ज्यानं हा क्रम लावला त्याला संसार कळलेला होता, असं मला वाटतं. हार घातले, अक्षता पडल्या, मंगळसूत्र बांधलं, तरी लग्न पुरं होतं ते या सातव्या पावलाला. आमचे गुरुजी हे सांगायचे. कायद्यातही तसंच लिहिलंय, हे मला आता या वयात कळलं.

तर त्या दिवशी. कार्यालय अर्ध्या दिवसापुरतं घेतलेलं, आणि आमच्यानंतरच्या लग्नाचं वऱ्हाड दारात येऊन उभं. त्यांच्या बँडवाल्यांनी बाहेर सूर लावायला सुरुवात केलेली. कार्यालयाचा मॅनेजर दोनदा येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवून गेला. आमचे वडील तापट. "गुरुजी, आटपा," त्यांनी बसल्या जागेवरूनच आवाज दिला. मी पहिल्यांदाच साडी नेसले होते आणि ती सांभाळायचं काम मला होमापेक्षा मोठं वाटत होतं. अक्षतांचं तबक घेऊन मी या बाजूकडून त्या बाजूला गेले. नको तिथून गेले. माझ्या निऱ्यांचा काठ शेवटच्या राशीवरून फिरला आणि रास गेली. वरची सुपारी घरंगळत खुर्च्यांखाली.

मी पाहिलं. वडिलांकडेही पाहिलं. आणि गप्प उभी राहिले.

गुरुजी म्हातारे, डोळे पोथीत. सहाव्या राशीवर पाऊल पडलं, त्यांनी मान वर केली, तर पुढे रासच नाही. ते मंत्र मोजत नव्हते, राशी मोजत होते. रास संपली म्हणजे सप्तपदी संपली, असं समजून त्यांनी पोथी मिटली. "झालं. मोठ्यांच्या पाया पडा." बाहेर बँड वाजायला लागला आणि सगळे उठले. फोटोवाल्याचा रोल पाचव्या पावलालाच संपला होता, त्यामुळे फोटोतही काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात चहा घेत होतो. आई-वडील पाहुण्यांना पोचवायला गेलेले. वहिनी नवीन, कपाकडे बघत हळूच म्हणाली, "एक विचारू? काल सहाच झाली ना?"

मोजणारच की ती. लग्नात नवऱ्या मुली रडतात, ही मोजत होती.

मी कप तोंडाला लावून ठेवला. आणि दादा, जो मोजणी खात्यात नोकरीला होता आणि आयुष्यभर लोकांच्या जमिनी इंचाइंचानं मोजणार होता, तो मोठ्यानं हसला. म्हणाला, "राहू दे एक शिल्लक. सगळी पावलं एकाच दिवशी टाकून संपवली तर पुढे चालायचं काय?"

तिनं तेव्हा त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेले नाही. मला वाटतं, तिचं लग्न त्या क्षणी लागलं.

तिथून त्यांची ती गंमत सुरू झाली. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी वहिनी दादाच्या डब्यात एक चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठी म्हणजे कारखान्यातली कातरण. पुस्तकाच्या कडा कापल्या की बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या पडतात, त्यातली एक. त्यावर एकच ओळ मावते. 'सातवं शिल्लक आहे बरं का.' 'घाई नाही, पण सातवं लक्षात आहे ना?' 'गुडघा दुखायला लागलाय, सातवं लवकर उरकू.' एका वर्षी दादा तिच्याशी चार दिवस बोलत नव्हता, तेव्हा नुसतंच, 'सातवं रद्द.' खाली बारीक अक्षरात, 'संध्याकाळपर्यंत.'

दादा चिठ्ठ्यांबद्दल कधी चकार शब्द काढायचा नाही. डबा रिकामा यायचा, एवढंच. वहिनीला वाटायचं, फेकून देत असतील. मग दहाएक वर्षांपूर्वी ऑफिसातली त्याची खोली बदलली, टेबलाचं सामान घरी आलं, आणि ड्रॉवरमधली जुनी कंपासपेटी हिनं पुसायला घेतली तर आत सगळ्या चिठ्ठ्या. घडी करून, वर्षांप्रमाणे लावलेल्या. तिनं पेटी होती तशी मिटून ठेवली आणि मला फोन केला. तिचा आवाज इतका बदललेला होता की मी विचारलं, "कोण बोलतंय?"

"अगं, ठेवल्यात त्यांनी," ती म्हणाली. "एकूण एक."

कालवा जिथे वळतो तिथे एक दगडी कठडा आहे. तिथे ती थांबली, एका पायावर उभी राहून चप्पल झटकली.

"अठ्ठावीस लावल्यात," ती म्हणाली. "तीसपैकी दोन वर्षं नव्हत्याच. एकदा मी दवाखान्यात होते, आणि एकदा सासूबाई गेल्या तेव्हा. बाकी सगळ्या आहेत. एकही गहाळ नाही. नीट लावल्यात हो. क्रम चुकलेला नाही."

दादानं घातलेल्या दाव्याच्या नोटिशीला जोडलेल्या झेरॉक्सबद्दल ती बोलत होती. मघाशी वकीलबाईंच्या टेबलावर ती पानं पसरली होती. एकेका पानावर चार-चार पट्ट्या, प्रत्येकीच्या बाजूला शिक्का आणि आकडा. आणि वर टाइप केलेलं, की 'सदर मजकुरावरून विवाहविधीतील सातवे पाऊल झालेले नसल्याचे प्रतिवादी हिस सुरुवातीपासून पूर्ण ज्ञान होते हे स्पष्ट होते.' गुडघ्याची चिठ्ठी अठरा नंबरला. 'सातवं रद्द' सहा नंबरला, खालच्या बारीक ओळीसकट.

दादाला घटस्फोट नको होता. त्याला हवं होतं की कोर्टानं सांगावं, हे लग्न झालंच नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी दुपारचा तो माझ्याकडे आला होता. हातात केळी. मी देवाचं आवरत होते. तो माझ्या घरी नेहमी खिडकीपाशी बसतो, त्या दिवशी दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

"घटस्फोट म्हटलं की कुणाचं तरी चुकलं असं होतं," तो म्हणाला. "तिच्यावर मला काही आणायचं नाही. हे स्वच्छ आहे. तिचं नाव नाही, माझं नाव नाही. लागलंच नव्हतं."

"दादा, एकतीस वर्षं."

"राहिलो ना एकत्र. नाही कुठे म्हणतोय?"

"आणि तुझी मुलगी?"

"तिला काही होत नाही. वकिलाला आधी तेच विचारलं." मग जरा थांबून म्हणाला, "आमची मैत्री आहे गं. तू समजतेस तसलं काही नाही. या वयात माणसाला बोलायला कुणीतरी लागतं."

ती बाई त्याच्याच ऑफिसात नकाशे सांभाळायची. मी तिला पाहिलेलं नाही, पाहायचंही नाही. तिच्याविषयी इथे एवढंच.

"मला साक्षीला बोलावणारेस?" मी विचारलं.

"तूच एक उरलीस. आई-बाबा नाहीत, गुरुजी नाहीत, तिची आई नाही." आणि मग मी ज्या भावाच्या मांडीवर बसून पाढे शिकले तो भाऊ म्हणाला, "मी तुला खोटं बोलायला सांगतोय का? तू देवाधर्माची आहेस. खरं तेवढं सांग."

केळी त्याच्यासमोर तशीच राहिली. तो गेल्यावर मी देवापुढे बसले, पण हात जोडून काय मागायचं ते सुचेना. खरं बोलायची बुद्धी दे, असं मी रोज म्हणते. त्या दिवशी ते म्हणवेना.

वकीलबाई वहिनीच्या बाजूच्या. चांगल्या आहेत, तडतड बोलतात. मला म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा सोळा वर्षांच्या. जरा आठवून बघा. गडबड होती, बँड होता. सात झालीच असतील ना? एवढे जाणते गुरुजी, ते थोडेच चुकतील?" पेनाचं टोपण त्या काढत-घालत होत्या. "तुम्ही सात म्हणालात की बुधवारी कोर्टात विषय संपला. चिठ्ठ्या म्हणजे नवरा-बायकोची थट्टा, असं म्हणता येतं. सहा म्हणालात तरी आपण लढू. एकतीस वर्षांचा संसार आहे, कोर्टाला तोही दिसतो. पण मग लांबेल, आणि कुठे झुकेल मी छातीठोक सांगू शकत नाही."

वहिनी त्या वेळी टेबलावरच्या झेरॉक्सच्या कडा अंगठ्यानं सोडत होती.

आता कठड्यापाशी मी तिला म्हटलं, "वहिनी, मी ठरवलंय. सात सांगणार."

तिनं चप्पल पायात सरकवली. चालायला लागली. पलीकडे कपडे वाळत घातलेल्या चाळी होत्या, एका खिडकीतून कुणीतरी कुणाला तरी भाजी जळाली म्हणून ओरडत होतं. पन्नासेक पावलं गेल्यावर मीच परत म्हणाले, "शपथ घेऊन खोटं बोलायचं मला काही सुखाचं नाही. पण बोलेन. देवाला काय सांगायचं ते माझं मी बघेन. कारण मूळ चूक माझी आहे."

"तुझी कसली?"

आणि मी सांगितलं. एकतीस वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते कालव्याच्या काठानं चालता चालता सांगितलं. तबक, निऱ्या, रास, सुपारी. वडिलांची भीती. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बोलता आलं असतं, तेही बोलले नाही.

"झालं सांगून?" तिनं विचारलं.

"हो."

"मला माहीत होतं."

मी थांबले. ती थांबली नाही, म्हणून मला धावावं लागलं.

"तुझी साडी मीच घडी करून ठेवली त्या दिवशी. काठात तांदूळ अडकलेले. हळद लावलेले, राशीतले. घरातल्या कुणाच्या साडीत हळदीचे तांदूळ अडकतील खाली, घोट्याशी?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू स्वयंपाकघरात माझ्याकडे बघायचीस ना, पळून जायला निघालेल्या मांजरासारखी. काय बोलणार? आणि बोलून तरी काय, तुझ्या भावानं तर त्याचं सोनं केलं होतं."

तिचा आवाज तिथे पहिल्यांदा हलला. मी काही बोलणार तोवर तिनं हात वर केला.

"थांब. तुला माहीत नाही ते सांगते. चार वर्षांपूर्वी आपल्या लेकीचं लग्न. कन्यादानाला आम्ही दोघं बसलोय. त्यांच्या ओंजळीखाली जावयाची ओंजळ, वरून मी पाण्याची धार धरलीय. गुरुजी म्हणतायत, जोडीनं म्हणा, जोडीनं म्हणा. आणि हे माझ्या कानाशी येऊन काय म्हणतात? म्हणतात, 'होम पेटणारच आहे. पोरांची झाली की आपलं ते सातवं टाकून घ्यायचं का?'"

"खरंच?"

"खरंच. मी काय म्हटलं असेल?"

मला ओळखता आलं.

"म्हटलं, 'गप्प बसा हो, लोक बघतायत.'" ती हसली, आणि हसणं मध्येच तुटलं. "चार पावलांवर होम होता गं. उठून जायचं होतं. लोक काय, लोक चार दिवस हसले असते. मला वाटलं, घाई काय आहे. कुठे जातंय."

आम्ही तिसऱ्या पुलावर आलो. पुलावर सायकलवाल्यांची गर्दी होती, कारखान्यांची पाळी सुटली असावी. एक ओळखीची बाई तिला हात करून गेली. वहिनीनंही हात केला, अगदी रोजच्यासारखा, आणि मग पुलाच्या कडेला कठडा धरून उभी राहिली.

"लागलंच नव्हतं म्हणे," ती म्हणाली. "लग्न लागलंच नव्हतं. मग मला हे एवढं कशानं लागलं?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ब्लाउज घामानं भिजला होता.

"मला सोडून गेले असते ना," ती खाली पाण्याकडे बघत म्हणाली, "तर मी रडले असते, भांडले असते, तुझ्याकडे येऊन चार दिवस राहिले असते. बायका करतात ते सगळं केलं असतं. पण गेलेत कुठे? मागे जाऊन सगळं पुसून आलेत. मग त्या मुलीचं कन्यादान कुणी केलं? गुरुजी जोडीनं म्हणा म्हणत होते ते कुणाला? आणि पुसलं तरी कशानं, तर माझ्याच हातच्या अक्षरानं."

"म्हणून तर म्हणते, मी सात सांगते."

"ती पेटी मला सापडली होती ना, तेव्हा मी तुला फोन केलेला."

"आठवतंय."

"तो फोन झाल्यावर मी भिंतीला टेकून किती वेळ बसले होते. माणूस तोंडानं बोलत नाही, पण ठेवतो. माझ्या बापानं माझ्या आईची एक वस्तू जपली नाही. मला वाटलं, मी जिंकले." तिनं नाक पुसलं. "मी आता रोज कामावर विचार करते. यांनी पहिल्यापासूनच यासाठी ठेवल्या, की आधी माझ्यासाठी ठेवल्या आणि मग यासाठी वापरल्या? यातलं कुठलं बरं, सांग."

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. दादाला मी विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण तो जे सांगेल त्यावर माझा विश्वास बसला नसता, आणि आपल्या भावावर आपला विश्वास बसत नाही हे त्याच्या समोर बसून कळून घ्यायची माझी तयारी नव्हती.

पुलाखालून कचरा वाहत होता, त्याच्यामागे एक बदक इमानेइतबारे पोहत होतं. वहिनी ते बघत होती. तिचं घर आता दिसायला लागलं होतं, दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी, दोरीवर एकाच माणसाचे कपडे.

"बुधवारी किती वाजता आहे?" तिनं विचारलं.

"साडेअकरा."

"मग ऐक." ती माझ्याकडे वळली. "सहाच सांग."

"वेड लागलंय का तुला?"

"सहाच झाली ना?"

"झाली असतील! पण त्यांना ते कशाला—"

"ओरडू नकोस, लोक बघतायत," असं म्हणाली आणि स्वतःच दचकली. मग सावकाश, कारखान्यात नव्या पोरीला काम समजावून सांगावं तसं बोलायला लागली. "तू सात म्हणालीस की काय होतं बघ. मी दर वर्षी बसून खोटं लिहीत होते असं होतं. वकीलबाई उभ्या राहून म्हणणार, ती काय, थट्टा होती, तिला काही अर्थ नाही. न्यायाधीश मान हलवणार. आणि मी तिथे बसून ते ऐकायचं. अर्थ नाही? माझ्या आयुष्यात त्याच्याइतका अर्थ दुसऱ्या कशाला होता?"

"पण वहिनी, ते जिंकतील."

"जिंकतील किंवा नाही जिंकणार. ते वकीलबाई बघतील, त्यांना त्याचाच पगार आहे. मी कोणाची बायको होते की नव्हते, ते कोर्टातल्या साहेबांनी कागदावर लिहून द्यायचं असेल तर देऊ देत. मला त्याची भीती नाही आता. पण त्या चिठ्ठ्या मी लिहिल्यात. खऱ्या म्हणून लिहिल्यात. एकानं त्यांचं हे असं करून ठेवलं. तू मला वाचवायला म्हणून त्या खोट्या करायला निघालीस."

मी रडायला लागले होते. ती नव्हती रडत.

"तुला माझ्यासाठी काहीतरी करायचंय ना?" ती म्हणाली. "तुला लागून राहिलंय एकतीस वर्षं, मला ठाऊक आहे. मग हे कर. त्यांच्याकडे बघायचं नाही, माझ्याकडेही बघायचं नाही. विचारतील किती, तर सहा म्हणायचं, आणि गप्प बसायचं. एवढं कर माझ्यासाठी."